मंजुळा सुधारली, प्रोफेसर कधी सुधारणार?

पोस्ट मोठी आहे, आधीच सांगून ठेवतो. घाई असेल तर संध्याकाळी निवांत वाचा. पण अर्धी वाचून कमेंटमध्ये भांडायला येऊ नका, पूर्ण वाचून या. मग खुशाल भांडू.

गेल्या पंधरवड्यात दोन जुन्या गोष्टी पुन्हा बघितल्या. एक, पु. ल. देशपांड्यांच्या 'ती फुलराणी'चं मोबाइलवर सापडलेलं जुनं रेकॉर्डिंग. दुसरी, 'माय फेअर लेडी' हा १९६४ चा इंग्रजी चित्रपट. दोन्हींचं मूळ एकच, बर्नार्ड शॉचं 'पिग्मॅलियन' हे नाटक. गोष्ट बहुतेकांना माहिती आहे. रस्त्यावर फुलं विकणारी गरीब पोरगी. भाषाशास्त्राचा हुशार आणि तितकाच उर्मट प्रोफेसर. मित्राशी लागलेली पैज, की काही महिन्यांत हिचं बोलणं, कपडे, उठणं-बसणं असं बदलून दाखवतो की बड्या लोकांच्या मेजवानीत ही फुलवाली होती हे कुणाच्या बापाला कळणार नाही. मग धडे, मग फजिती, मग कायापालट. मध्ये रुसवेफुगवे आणि प्रेमाची थोडी फोडणी. हसून हसून पोट दुखतं. मलाही हसू आलं. नाटक आजही ताजं आहे, याबद्दल माझा काही वाद नाही.

माझा वाद वेगळा आहे. या गोष्टीत परीक्षा कुणाची होते? फुलवालीची. बदलायचं कुणी? फुलवालीनं. पैज जिंकल्याचं श्रेय कुणाला? प्रोफेसरला. शॉचा प्रोफेसर पहिल्या अंकात जितका आडमुठा असतो, तितकाच शेवटच्या अंकात असतो. माणसांशी कसं बोलावं हे त्याला कुणी शिकवत नाही. 'फुलराणी' मराठीत येऊन पन्नास वर्षं झाली, आपण टाळ्या वाजवतोय, पण प्रोफेसरचा कायापालट का होत नाही हे कुणी विचारत नाही. मी आज विचारतोय, कारण ही पैज तिकडं रंगमंचावर संपली असली तरी आपल्या जिल्ह्यात ती रोज लागते. आणि हरतात त्या आपल्या पोरी.

आधी पु.लं.चं देणं मान्य करून टाकतो, म्हणजे त्यांचे भक्त अंगावर यायचे नाहीत. 'ती फुलराणी' रंगभूमीवर आलं १९७५ साली. मंजुळा साळुंके झाल्या भक्ती बर्वे, प्रोफेसर अशोक जहागीरदार झाले सतीश दुभाषी. नाव घेतलं बालकवींच्या कवितेवरून. पु.लं.नी लंडनचं नाटक नुसतं भाषांतर करून वाढलं नाही, त्याला इथल्या मातीचं केलं. इंग्लंडात बोलण्यावरनं माणसाचा वर्ग कळतो. आपल्याकडं वर्ग, जात, गाव, तालुका, सगळं कळतं, हे त्यांनी बरोबर हेरलं. आणि नाटकातलं सगळ्यात गाजलेलं भाषण त्यांनी प्रोफेसरला नाही, मंजुळेला दिलं. चिडलेल्या मंजुळेचं ते स्वगत आजही महाराष्ट्रातल्या प्रत्येक एकपात्री स्पर्धेत ऐकू येतं. भक्ती बर्वे दूरदर्शनवर बातम्या वाचायच्या. म्हणजे महाराष्ट्राला ज्यांच्या तोंडून स्वच्छ प्रमाण मराठी ऐकायची सवय होती, त्याच बाईंनी मंजुळा उभी केली. केवढी ताकद लागते त्याला!

तेव्हा दोष पु.लं.चा नाही. दोष आपला आहे. आपण मंजुळेला टाळ्या दिल्या आणि घरी येऊन वागलो जहागीरदारासारखे.

पुरावा पाहिजे? देतो.

गॅदरिंगचे दिवस आहेत. येरमाळा, कळंब, वाशी, ढोकी, कुठंही जा, शाळेच्या पटांगणात मंडप आणि स्पीकर. बातमीसाठी मी आपल्या भागातल्या एका शाळेत गेलो होतो. शाळेचं नाव लिहिणार नाही, कारण ही एका शाळेची गोष्ट नाही, आणि तिथले मास्तर लोक मनानं चांगले आहेत. सकाळी वक्तृत्व स्पर्धा, दुपारी एकपात्री. नववीतली एक पोरगी दोन्हीकडं होती. सकाळचा तिचा विषय पाण्याची टंचाई. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं, तेव्हा ही चार-पाच वर्षांची असेल. टँकरची रांग तिनं पुस्तकात वाचलेली नाही, कळशी घेऊन बघितलेली आहे. पोरगी कागद न बघता बोलली. घागरींच्या रांगेत बायकांची भांडणं कशी लागतात, हापसा कोरडा पडला की आवाज कसा बदलतो, सगळं सांगितलं. मंडपात मागं बसलेल्या बाया माना डोलवत होत्या.

पण ती 'पाणी' म्हणाली नाही, 'पानी' म्हणाली. 'आणि'चं 'आनि' झालं, 'शाळे'चं 'साळा' झालं. परीक्षकांच्या कागदावर 'उच्चारशुद्धता' असा दहा मार्कांचा रकाना होता. तिथं तिला पडले तीन. पहिल्या तीन नंबरांत ती नाही. नंबर आला एका पोराचा, ज्यानं कुणीतरी लिहून दिलेलं भाषण घोकून म्हटलं. त्याचा प्रत्येक 'ण' खणखणीत होता. टँकर त्यानं बघितलाय का, देव जाणे.

दुपारी तीच पोरगी लुगडं नेसून, हातात फुलांची परडी घेऊन मंजुळा झाली. तोच 'न', तोच 'स'. मंडप डोक्यावर घेतला लोकांनी. पहिलं बक्षीस, ढाल, वर पाहुण्यांकडून पाचशे एक रुपये. परीक्षकांनी माइकवर येऊन सांगितलं की ग्रामीण बोलीचा बाज किती छान पकडला बघा!

पकडला? अहो, सकाळी तोच बाज तिच्या तोंडात होता, तेव्हा तुम्ही सात मार्क कापले. स्वतःचं म्हणणं त्या भाषेत मांडलं तर चूक, दुसऱ्याची नक्कल म्हणून तीच भाषा बोलली तर कला. म्हणजे आपली भाषा हसवायला चालते, पाण्याबद्दल बोलायला चालत नाही. याच्यावर कुणाकडं उत्तर असेल तर मला सांगा, मी वाट बघतोय.

आणखी एक गंमत. हीच पोरगी हिंदीच्या तासाला 'पानी' म्हणते तेव्हा बरोबर असते. पुढच्या तासाला मराठीचे सर आले की तोच 'पानी' अशुद्ध होतो. पंचेचाळीस मिनिटांत शब्द बाटतो कसा? आणि ज्या महाराष्ट्री प्राकृताच्या जिवावर, 'गाथासप्तशती'चे दाखले देऊन, आपण ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळवला, फटाके उडवले, त्या प्राकृतात काय होतं? तिथं संस्कृतातला 'न' सगळीकडं 'ण' होतो, वररुचीच्या व्याकरणात तसा नियमच आहे. संस्कृतवाल्याच्या कानाला तेव्हा तो उच्चार बिघडलेलाच वाटत असणार. आज त्याच बिघडलेल्या बोलीला आपण अभिजात म्हणतो. 'न' आणि 'ण' एकमेकांच्या जागा आज बदलत नाहीत, दोन हजार वर्षं बदलतायत. त्यावरनं पोरीची लायकी ठरवणारे आपण कोण?

आता 'शुद्ध' म्हणजे काय आणि ते कुणी ठरवलं, हे जरा बघू. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश मुंबईत निघाला १८३१ साली. दादोबा पांडुरंगांचं व्याकरण १८३६ चं. इंग्रज सरकारच्या शाळा, क्रमिक पुस्तकं, छापखाने, वर्तमानपत्रं, हा सगळा कारखाना मुंबई-पुण्याच्या अंगणात उभा राहिला. तिथं जी शिकलेली माणसं होती, त्यांच्या घरात जी मराठी होती, ती छापली गेली आणि छापली गेली म्हणून प्रमाण झाली. यात कुणाचं कारस्थान होतं असं मी म्हणत नाही. छापायचं तर कुठलंतरी एक रूप धरावंच लागतं. पण त्या वेळी आपण कुठं होतो? निजामाच्या राज्यात. कारभार आधी फारसीत, मग उर्दूत. १९१८ साली हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ निघालं, त्याचं माध्यम उर्दू. आपल्या आजोबा-पणजोबांना दरबारी उर्दू येत नाही म्हणून कचेरीत हिणवलं जायचं. १७ सप्टेंबर १९४८ ला निजाम गेला, १९५६ ला आपण मुंबई राज्यात आलो, १९६० ला महाराष्ट्र झाला. आपल्या भाषेच्या राज्यात आलो म्हणून पेढे वाटले. आणि बघतो तर इथंही आपलं बोलणं अशुद्धच! एकाच भागानं दोनदा फुलवाली व्हायचं, आणि दोन्ही वेळा प्रोफेसर बाहेरगावचा.

आणि ज्या शुद्धलेखनाच्या नियमांचा दाखला मास्तर लोक देतात, ते नियम तरी काय सांगतात? मराठी साहित्य महामंडळाचे चौदा नियम सरकारनं १९६२ साली मान्य केले, १९७२ साली त्यांत चार वाढले, असे अठरा झाले. ते नियम लेखनाचे आहेत. नाव वाचा, शुद्ध*लेखन*. घरात कसं बोलावं, माइकवर कसं बोलावं, आईला हाक कशी मारावी, यावर त्यांत काही सांगितलेलं नाही. लिहिण्याचे नियम जिभेला लावायचा अधिकार वक्तृत्वाच्या परीक्षकाला कुणी दिला?

काही जण म्हणतील, दादा, बोलीला कसले आलेत नियम, ती तर तोंडाला येईल तशी बोलतात. साफ खोटं. आपल्याकडं 'मी करायलो, तू करायलास, ती करायली, ते करायलेत' म्हणतात. पुण्याचा माणूस 'करतोय' म्हणतो. आपल्या गावातलं तीन वर्षांचं लेकरूसुद्धा चुकून 'मी करायलास' म्हणत नाही. म्हणजे नियम आहे, पक्का आहे, आणि न शिकवता येतो. फरक एवढाच की त्या नियमाचं पुस्तक छापलेलं नाही. ज्याचं व्याकरण छापलं ती भाषा आणि ज्याचं राहिलं ती गावठी, असा हा हिशोब आहे. सातबाऱ्यावर नाव लागलं नाही म्हणून जमीन दुसऱ्याची होत नाही, हे शेतकऱ्याच्या पोरांना तरी सांगायला नको.

आता मुख्य आक्षेपाकडं येतो. या मुद्द्यावर मला सगळ्यात जास्त शिव्या पडणार आहेत. "पत्रकार साहेब, तुमचं ठीक आहे, तुम्ही येरमाळ्यात बसून पोस्टी लिहिता. पोरांना पुण्याला नोकरी करायचीय. इंटरव्ह्यूत 'पानी' म्हणली तर घरी पाठवतील. तुम्ही काय आमच्या पोरांना अडाणी ठेवायला निघालाय का?"

हा प्रश्न खरा आहे, म्हणून उत्तरही सरळ देतो. पोरांना प्रमाण मराठी आलीच पाहिजे. लिहिता आली पाहिजे, बोलता आली पाहिजे. इंग्रजीही आली पाहिजे. ज्याला चार भाषा येतात तो चार दारं ठोठावू शकतो. माझा विरोध शिकवण्याला नाही. माझा विरोध पुसण्याला आहे. शिकवणं म्हणजे एक कपडा जास्त देणं. पुसणं म्हणजे अंगावरचा फाडून मग नवा देणं.

आणि हा फरक खुद्द शॉच्या नाटकातच आहे, आपण तो बघितला नाही. एलायझा, म्हणजे आपल्या मंजुळेची मूळ बहीण, प्रोफेसरच्या दारात स्वतः येते. स्वतःचे पैसे घेऊन, फी द्यायला. तिला काय पाहिजे असतं? राजकन्या नाही व्हायचं तिला. रस्त्यावर फुलं विकण्याऐवजी फुलांच्या दुकानात नोकरी पाहिजे. इतकी साधी, हिशोबी मागणी. तिला शिकवणी पाहिजे होती. प्रोफेसरनं तिची पैज करून टाकली. जिंकल्यावर दोघं मित्र एकमेकांची पाठ थोपटतात आणि जिनं रात्रंदिवस घोकंपट्टी केली ती पोरगी खोलीत उभी आहे याचं त्यांना भानही नसतं. मग ती चप्पल फेकून मारते. बरोबर करते.

पुढं ती जे म्हणते त्याचा सारांश असा, की माझ्यातला बदल उच्चारांच्या धड्यांनी सुरू झालाच नाही. तो सुरू झाला प्रोफेसरच्या मित्रानं मला पहिल्याच दिवशी मानानं हाक मारली तेव्हा. 'ए पोरी' नाही, 'मिस डूलिटल'. आपल्या भाषेत सांगायचं तर त्यानं अहो-जाहो केलं. सगळ्या कायापालटाचं गुपित एवढंच आहे. आधी मान द्या, मग धडा द्या. आपण उलटं करतो. आधी वर्गासमोर हसतो, मग म्हणतो पोरांत आत्मविश्वास नाही. मग त्याच आत्मविश्वासासाठी पर्सनॅलिटी डेव्हलपमेंटच्या क्लासला पंधरा-वीस हजार भरतो.

आपल्या भागातली एक मुलगी पुण्यात कंपनीत आहे. हुशार, चांगला पगार, घरी पैसे पाठवते. तिचे वडील परवा स्टँडवर भेटले तर सांगत होते, पोरगी रूमवर असली की फोन उचलत नाही. का? तर रूममधल्या मुली तिचं आईशी बोलणं ऐकून हसतात. 'करायलीस का', 'जेवलीस व्हय' याच्या नकला करतात. म्हणून ती आईशी बोलायला गच्चीवर जाते. पाऊस असला तर फोनच नाही. वडील हे हसत हसत सांगत होते, पण मला काही हसू आलं नाही. आपल्या आईशी आपल्या भाषेत बोलायला पोरीला लपावं लागतं, याला तुम्ही सुधारणा म्हणणार असाल तर म्हणा. मी नाही म्हणणार.

दुसरा आक्षेप, "अहो विनोदी नाटक आहे, एवढं मनावर काय घेता?" मनावर घेतो, कारण आपण कशावर हसतो त्यावरनं आपण कुणाला काय समजतो ते कळतं. मराठी सिरियल लावा. मालकीणबाई प्रमाण बोलतात, कामवाली मावशी गावाकडचं बोलते. डॉक्टर प्रमाण, कंपाउंडर गावठी. प्रेम करणारा हिरो प्रमाण, त्याचा खुळा दोस्त मराठवाड्याचा नाहीतर विदर्भाचा. जिल्हाधिकारी बाई 'मी बैठकीला यायले' म्हणतायत असं एकाही सिरियलमध्ये दिसलं नाही. प्रत्यक्षात मात्र आपल्या गावांतनं शिकून कलेक्टर-तहसीलदार झालेली माणसं घरी तसंच बोलतात.

आणि हे भाषेपुरतं नाही. सगळ्या कायापालटाच्या सिनेमांचं गणित एकच. १९९८ चा 'कुछ कुछ होता है' आठवा. कॉलेजात ट्रॅक पँट घालून अंजली राहुलला बास्केटबॉलमध्ये हरवते, तेव्हा ती त्याला मुलगी वाटतच नाही. आठ वर्षांनी साडी नेसून, केस मोकळे सोडून येते, तेव्हा ह्याला प्रेम होतं. आणि साडीत खेळताना ती हरते. आपल्या पिढीनं हा सिनेमा बार्शीच्या थेटरात नाहीतर व्हिडिओवर तीन-तीनदा बघितला, गाणी पाठ केली, पण ती हरली का हे विचारलं नाही. आणखी एक योगायोग सांगतो. ज्या १९७५ साली 'ती फुलराणी' आलं, त्याच साली 'फेअर अँड लव्हली' बाजारात आली. इकडं जीभ उजळायची, तिकडं कातडी. २०२० साली कंपनीनं नावातलं 'फेअर' काढून 'ग्लो' केलं. क्रीमवाल्यांनासुद्धा पंचेचाळीस वर्षांनी लाज वाटली. आपल्या मार्कांच्या कागदाला अजून वाटेना.

याच्या उलट काय होऊ शकतं तेही आपण बघितलंय. २०१६ चा 'सैराट'. नागराज मंजुळे करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे, आपल्यापासनं काही लांब नाही. आर्ची शेवटपर्यंत आर्चीसारखीच बोलते. तिला कुणी न-ण शिकवला नाही, कुणी चष्मा काढून सुंदर केलं नाही. बुलेट चालवते, इंग्रजीतही दम देते, आणि बोली तशीच ठेवते. काय झालं? अख्ख्या महाराष्ट्रानं डोक्यावर घेतला. पुण्या-मुंबईच्या पोरी आर्चीसारखं बोलायला लागल्या. म्हणजे भाषा हसण्याजोगी नव्हतीच. तिला आजवर विनोदी कामं दिली म्हणून ती विनोदी वाटत होती. मुख्य भूमिका दिली, लोकांनी मान दिला.

आता 'माय फेअर लेडी'तली एक गोष्ट, जी कळल्यावर मी सिनेमा थांबवून बसलो होतो. एलायझाचं काम केलं ऑड्री हेपबर्ननं. गाण्यांची तयारी तिनं केली होती. पण सिनेमात बहुतेक गाण्यांना आवाज वापरला मार्नी निक्सन या दुसऱ्या गायिकेचा, आणि तिचं नाव श्रेयनामावलीत दिलं नाही. म्हणजे गोष्ट कसली, तर एका पोरीला आवाज मिळवून देण्याची. आणि तो सिनेमा करताना एकीचा आवाज काढून टाकला आणि दुसरीचं नाव. त्या सिनेमाला आठ ऑस्कर मिळाले.

शेवटावरनंही मोठा झगडा झाला होता. शॉला एलायझाचं आणि प्रोफेसरचं लग्न मान्य नव्हतं. १९१४ साली लंडनला प्रयोगात प्रोफेसर झालेल्या नटानं शेवटी पडदा पडता पडता एलायझाकडं फुलं फेकायला सुरुवात केली, म्हणजे प्रेम जुळलं असं लोकांना वाटावं. शॉ भडकला. १९१६ साली पुस्तकाला त्यानं मुद्दाम मजकूर जोडला, की ती याच्याशी लग्न करत नाही. तरी १९३८ चा सिनेमा आला, १९५६ चं संगीत नाटक आलं, १९६४ चा सिनेमा आला, सगळ्यांनी तिला परत त्याच्याच घरी आणून सोडलं. लेखक ओरडून सांगतोय ती स्वतंत्र झाली, आणि लोकांना ती चपला आणून देणारीच बघायचीय. प्रेक्षकांची ही हौस महागात पडते. नाटकात एलायझाला, आणि गावात आपल्या लेकींना.

एवढं लंडनला फिरवलं, आता घरी येऊ. आपल्या जिल्ह्यात तेर आहे. संत गोरोबाकाकांचं गाव. तिथली गोष्ट लहानपणी सगळ्यांनी ऐकलीय. संतमंडळी जमली. मुक्ताईनं थापटीकडं बोट दाखवून विचारलं, काका, हे काय? गोरोबा म्हणाले, मडकं कच्चं की पक्कं हे याच्यानं कळतं. मग काकांनी एकेकाच्या डोक्यावर थापटी मारून बघितली. नामदेव महाराज रागावले, आणि काकांनी सांगून टाकलं की हे मडकं कच्चं आहे. नामदेवांनी ते मनाला लावून घेतलं आणि विसोबा खेचरांना गुरू केलं. विचार करा, थापटी कुणाच्या हातात होती? चिखल तुडवणाऱ्या कुंभाराच्या. त्यानं भल्याभल्यांची परीक्षा घेतली आणि त्याच्या बोलण्यात 'न' होता की 'ण' होता हे कुणी बघितलं नाही. मराठीचे आद्यकवी म्हणून ज्यांचं नाव घेतात त्या मुकुंदराजांची समाधी शेजारी अंबाजोगाईला. जनाबाई गंगाखेडच्या. ही सगळी आपली मराठवाड्याची माणसं. मराठीच्या घरात आपण भाडेकरू नाही आहोत हो, पाया आपल्या अंगणात आहे.

चैत्री पौर्णिमेला आपल्या येडेश्वरीच्या यात्रेत लाखो माणसं येतात, चुन्याचे खडे वेचतात, आराधी बाया रात्र रात्र गाणी म्हणतात. आईनं कधी कुणाचे उच्चार तपासून प्रसाद दिल्याचं मी ऐकलं नाही.

जानेवारी २०२० ला ९३वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आपल्या जिल्ह्याच्या गावी झालं. मंडप भरला होता, कौतुक झालं, छान झालं. पण बोलीचा अभिमान व्यासपीठावर सांगणं सोपं असतं. वर्गात तो मार्कांच्या रकान्यात दिसला पाहिजे. म्हणून मी नुसता राग काढून थांबत नाही, तीन मागण्या करतो. जिल्हा परिषदेचे शिक्षक, संस्थाचालक, सरपंच, बक्षिसं देणारे पाहुणे, सगळ्यांसाठी आहेत. एकालाही रुपया लागत नाही.

एक. वक्तृत्वाच्या कागदावरचा 'उच्चारशुद्धता' हा रकाना काढा. त्याच्या जागी 'स्पष्टता' लिहा. ऐकू आलं का, समजलं का, पटलं का, एवढंच बघा. मुद्दा स्वतःचा आहे की घोकलेला, याला मार्क ठेवा.

दोन. यंदाच्या गॅदरिंगला एक स्पर्धा आपल्या बोलीत घ्या. विनोदी नाही, बरं का. आजीनं सांगितलेली दुष्काळाची गोष्ट, जात्यावरच्या ओव्या, शेतातला अनुभव, गावाच्या प्रश्नावर भाषण. पोरांना कळू द्या की या भाषेत रडताही येतं, भांडताही येतं, विचारही करता येतो.

तीन. प्रमाण मराठी जरूर शिकवा, जास्त चांगली शिकवा, 'न-ण' सकट शिकवा. पण चुकलेल्या पोरावर वर्गाला हसू देऊ नका. 'हे चूक' म्हणण्याऐवजी 'घरी असं म्हणतो, लिहिताना असं लिहितो' एवढं म्हणा. पोरगं दोन्ही शिकेल आणि लाजणार नाही.

'ती फुलराणी' बसवायचं तर खुशाल बसवा. मंजुळा साळुंके मलाही आवडते. पण ज्यांच्या मनात एक छोटा जहागीरदार बसलाय, आणि तो आपल्यापैकी बऱ्याच शिकलेल्यांच्या मनात बसलाय, त्यांनी पोरीला सुधारायच्या आधी तिचं पूर्ण बोलणं एकदा ऐकून घ्यावं. ती काय म्हणतेय ते आधी, कशी म्हणतेय ते मग.

पटलं तर शाळेच्या ग्रुपवर टाका. मास्तरांना टॅग करा, पण नीट बोला, ते आपलेच आहेत. पटलं नाही तर कमेंट करा, वाट बघायलो. आणि हो, कमेंट आपल्या बोलीत लिहिली तर मार्क कापणार नाही.